ट्रे बाहेर नेणारा माणूस

बारा फेब्रुवारी, बुधवार. सकाळचे आठ. ऑपरेशन थिएटर क्रमांक एक.

हजर : सर्जन. भूल देणाऱ्या मॅडम. असिस्टंट डॉक्टर. हत्यारांच्या ट्रॉलीवर आमची नवी सिस्टर. कॅमेऱ्यावर मी. टेबलावर मामा.

थिएटरची इन्चार्ज म्हणून रजिस्टरातली ही हजेरी रोज मीच लिहिते. मामांचं नाव वर्षानुवर्षं ‘कॅमेरा’ या शब्दापुढे लिहीत आले. त्या दिवशी ते पेशंटच्या रकान्यात लिहिलं, वय लिहिलं, गाव हुपरी लिहिलं, आणि ‘कॅमेरा’पुढे स्वतःचं नाव घातलं. मग हात धुवायला गेले.

भूल देण्याआधी मामांनी मान वळवून मला शोधलं. टोपी-मास्कमध्ये सगळे सारखेच दिसतात, पण ते आम्हाला उभं राहण्यावरून ओळखायचे.

“सिस्टर, पाणी सांडाय नको.”

“नाही सांडत,” मी म्हटलं. मॅडमनी त्यांच्या तोंडावर मास्क धरला.

हे पाण्याचं आधी सांगायला हवं. आमच्याकडे जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन दुर्बिणीने होतं. पूर्वी छातीच्या खालपासून बेंबीच्या खालपर्यंत पोट उघडायचे. आता बोटाएवढी पाच भोकं पाडतात, पोटात गॅस भरून ते फुगवतात आणि बेंबीपाशी दुर्बीण आत सोडतात. दुर्बिणीला कॅमेरा जोडलेला असतो. सर्जन पोटाकडे बघतच नाहीत, समोरच्या पडद्याकडे बघतात. म्हणजे त्यांचे डोळे दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतात. आमच्या थिएटरात ते मामांच्या हातात होते.

कॅमेरा जरा कलला की पडद्यावरचं सगळं पोट तिरकं होतं आणि सर्जनना आडवं-उभं कळेनासं होतं. मामांचा नियम होता, कॅमेऱ्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला आहे असं समजायचं. नव्या डॉक्टरांच्या हातात कॅमेरा दिला की ते मागे उभे राहून एवढंच म्हणायचे, “पाणी सांडतंय.” थोड्या वेळाने पुन्हा, “सांडलं की वो.” डॉक्टर मंडळी चिडायची. मामा कधी चिडायचे नाहीत.

आमचे सर्जन मात्र चिडतात. एकदा जठराच्या मागच्या रक्तवाहिनीपाशी ते बराच वेळ अडकले होते. पडद्यावरचं चित्र जागचं हललं नाही, त्याचाच त्यांना राग आला.

“मामा, झोपलाय काय?”

“न्हाय सर. तुमची वाट बघतोय.”

भूल देणाऱ्या मॅडम स्टुलावरून पडता पडता राहिल्या. सर्जन हसले नाहीत, पण पुढची दहा मिनिटं ओरडलेही नाहीत.

मामा म्हणजे नात्यातले मामा नव्हेत. दवाखान्यात काम करणारा पुरुष मामा, बाई मावशी, एवढंच. घरी हुपरीला सगळे चांदीचे पैंजण घडवणारे. वडील, काका, धाकटा भाऊ, सगळे मांडी घालून बसलेले. मामांना ते जमलं नाही. “बसून बसून पाय मरत्यात,” असं म्हणून ते कोल्हापूरला आले आणि जन्मभर थिएटरात उभे राहिले. सकाळच्या बसने यायचे, संध्याकाळच्या बसने जायचे. खिशात भडंगाची पुडी. दोन ऑपरेशनच्या मध्ये जिन्यात उभं राहून खायचे, समोर दिसेल त्याच्यापुढे पुडी धरायचे.

पण दवाखान्याबाहेरच्या लोकांना मामा ओळखीचे होते ते ट्रेमुळे.

तुमच्यापैकी जे कोणी थिएटरबाहेरच्या बाकावर कधी बसले असतील त्यांना हा ट्रे माहीत असेल. पोटातला भाग काढला की तो नातेवाइकांना दाखवायचा असतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सुटा केलेला भाग आतच पिशवीत भरतात आणि बेंबीजवळची चीर थोडी वाढवून त्यातून बाहेर ओढतात. पुढची आतड्याची जोडणी सर्जन त्याच चिरेतून करतात. कॅमेऱ्याचं काम तिथे थांबतं. मग मामा गाऊन उतरवायचे, काढलेला भाग स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवायचे, वर हिरवं कापड टाकायचे आणि दार खांद्याने ढकलून बाहेर जायचे.

“पावणं, बघून घ्या.”

पोट उघडायचे तेव्हा या ट्रेचं एवढं महत्त्व नव्हतं. भलामोठा टाका असायचा, शंकेला जागाच नव्हती. आता पेशंटच्या पोटावर चार-पाच पट्ट्या दिसतात आणि लोकांना वाटतं, काही केलंच नाही. एवढ्याशा भोकातून जठर कसं निघेल? म्हणून मामा कापड बाजूला करून बोटाने दाखवायचे. इथे गाठ. हा तिच्या भोवतीचा चांगला भाग, तोही काढावा लागतो. ह्या बाजूच्या ग्रंथी. दुसऱ्या हाताने स्वतःच्या शर्टावर भोकं दाखवायचे, हितं एक, हितं एक.

जोतिबावरचा एक पेढेवाला आला होता, त्याच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. त्याने ट्रेकडे बघितलं, मामांकडे बघितलं.

“हे आमच्या बाचंच कशावरनं?”

“मग काय माझं हाय?” मामा म्हणाले. “मी काय रोज एक काढून देतोय व्हय?”

तो माणूस हसायला लागला आणि हसता हसता भिंतीला टेकून रडायला लागला. मामा ट्रे हातात धरून तसेच उभे राहिले. त्याचं रडून झालं, मग आत आले. मी विचारलं, एवढा वेळ का. “पावण्याचं बघून व्हायचं हुतं,” म्हणाले.

मला त्यांची ही पद्धत वेळेच्या दृष्टीने पसंत नव्हती. पण त्यांनी ट्रे दाखवलेल्या पेशंटचे नातेवाईक नंतर दारावर येऊन भांडत नसत, हेही माझ्या लक्षात आलं होतं. त्यामुळे वेळापत्रकात मी ट्रेसाठी वेगळी जागा सोडायला लागले.

मागच्या दिवाळीनंतर भडंगाची पुडी खिशातून संपेनाशी झाली. डब्यातली अर्धी भाकरी ते मावशींना द्यायला लागले. मी कामात होते, पण पट्टा दोन भोकं आत गेलेला मला दिसला. मी सर्जनना सांगितलं, सर्जननी त्याच दुपारी त्यांची तोंडातून दुर्बीण केली. मामांनी झोपेचं इंजेक्शन नको म्हटलं. पडद्याकडे बघत कुशीवर पडून राहिले. तोंडात नळी असल्यामुळे बोलता येत नव्हतं. जठराच्या खालच्या भागातली गाठ पडद्यावर आली तेव्हा त्यांनी एक बोट वर केलं. आम्हाला वाटलं थांबा म्हणताहेत. नंतर म्हणाले, “न्हाय. चित्र तिरकं हुतं, ते सांगत हुतो.”

सीटी स्कॅन झाला. गाठ जठरापुरती दिसत होती. ऑपरेशन करण्याजोगी होती. सर्जन म्हणाले, पुण्याला करू, तिथे माझे मित्र आहेत.

“हितंच,” मामा म्हणाले. “त्यांचं थिएटर मला कुठं म्हाईत हाय?”

“तुम्ही टेबलावर असणार. तुम्हाला थिएटर माहीत कशाला हवं? आणि कॅमेरा कोण धरणार?”

“सिस्टर धरत्यात की.”

मला कुणी विचारलं नव्हतं. मी हत्यारं मोजते, वेळा लावते, स्टॉक बघते. असिस्टंट डॉक्टरांचे दोन्ही हात ऑपरेशनमध्ये गुंतलेले असतात, नवी सिस्टर ट्रॉलीवर हवी. यादी करून बघितली तर खरोखर मीच उरत होते.

मग दुपारी काम संपलं की मामा मला शिकवायला बसायचे. सलाईनच्या रिकाम्या खोक्याला त्यांनी वरून भोक पाडलं, आत भडंग पसरलं. मी दुर्बीण आत घालायची, पडद्याकडे बघायचं आणि ते सांगतील तो शेंगदाणा मधोमध आणायचा. ते खुर्चीत बसलेले, मी उभी.

“जवळ. अजून जवळ. ह्यो न्हाय, ह्याच्या पलीकडचा भाजलेला.”

“सगळेच भाजलेले आहेत, मामा.”

“मग तुम्हांस्नी दिसत न्हाय नीट. काच पुसा.”

काच गरम पाण्यात बुडवून पुसायची, नाहीतर पोटातल्या वाफेने धुरकट होते. कोपर अंगाला लावायचं, मग हात दमत नाही. सर्जनचं हत्यार जिथे जाईल तिथे आपण आधी पोचलेलं असायचं, पण घाई दिसता कामा नये. मी सगळं कागदावर उतरवून घेतलं. मामांनी कागद बघितला, “पोटात कागद कुठं धरणार?” म्हणाले, आणि परत दिला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी खोक्यातलं भडंग काढून टाकलं आणि तांब्याभर पाणी आणून खरोखर कॅमेऱ्यावर धरायला लावलं. माझी साडी भिजली. “आज सांडलं तर चालतंय,” म्हणाले.

तर, बारा फेब्रुवारी.

बेंबीपाशी पहिलं भोक, बाजूला दुसरं. जठराला हात लावण्याआधी दुर्बिणीने सगळं पोट आतून फिरून बघायचं असतं. स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या बारीक गोष्टी यात दिसतात. म्हणून बाकीची तीन भोकं नंतर पाडतात. सर्जन सांगत गेले, मी फिरवत गेले. यकृत. स्वच्छ. डावीकडे. खाली. मग पोटाच्या आतल्या अस्तरावर आले.

अस्तर गुलाबी आणि चकचकीत असतं. त्यावर तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके होते. आधी एक दिसला, मग बघू तिकडे.

“जवळ या,” सर्जन म्हणाले.

मी जवळ गेले. कोपर अंगाला लावलेलं होतं. चित्र सरळ होतं.

गाठ जठराबाहेर पसरली असली तर जठर काढून उपयोग नसतो. पेशंटला मोठ्या ऑपरेशनचा त्रास फक्त होतो. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सर्जननी एका ठिपक्याचा चिमटाभर तुकडा घेतला, मी तो दाखवत राहिले. मग त्यांनी गॅस सोडायला सांगितलं. फुगलेलं पोट खाली बसलं. दोन भोकांना एकेक टाका घातला. ट्रॉलीवर पाच भोकांची तयारी होती, स्टेपलर होता, पिशवी होती, धुतलेला ट्रे आणि घडी केलेलं हिरवं कापड होतं. मी सगळं मोजून परत ठेवलं. मोजणी बरोबर आली.

तुकडा मोहरीएवढा होता. बरणीत टाकून लेबल लावलं. आमच्याकडचे सगळे तुकडे तपासायला पुण्याच्या लॅबला जातात.

बाहेर मामांची बायको आणि धाकटा भाऊ बसले होते. दार उघडलं तसा भाऊ उठला. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, हातांकडे बघितलं. माझ्या हातात काही नव्हतं. तो परत बसला.

मामा दुपारी जागे झाले. मी ब्लड प्रेशर घेत होते. त्यांनी चादरीखाली हात घातला आणि पोट चाचपलं. बेंबीवर पट्टी. बाजूला पट्टी. हात पलीकडे गेला, वर गेला, परत आला. इतर पेशंटना आम्ही सावकाश सांगतो, घरच्यांना विचारून सांगतो. मामांना सांगायला काही शिल्लक राहिलं नव्हतं.

“दोनच?”

“दोनच.”

त्यांनी हात चादरीबाहेर काढला.

“पाणी सांडलं काय?”

“नाही. सरळ होतं.”

“मग नीट दिसलं असंल,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हुपरीहून त्यांची आई आली. थकलेली, पण काठी न घेता जिना चढून आलेली. आईला मामांनी आधीच सगळं समजावून ठेवलं होतं, पिशवी, चीर, ट्रे, सगळं. तिने मुलाच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे वळली.

“बाई, माझ्या लेकाचं काढल्यालं दावा की मला. धाकटा म्हणतोय बघितलं न्हाय.”

भाऊ खिडकीतून बाहेर बघायला लागला. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामाच म्हणाले, “आई, ते पुण्याला पाठवलंय. तपासाय.”

“समदं?”

“व्हय.”

“कधी यायचं परत?”

“येतंय की.”

आई समाधानाने खुर्चीत बसली आणि पिशवीतून संत्री काढायला लागली. संध्याकाळी ती गेल्यावर मी मामांना म्हटलं, हे काय सांगितलंत?

“खोटं कुठं हाय, सिस्टर? चिमूटभर गेलंयच की पुण्याला.” मग म्हणाले, “मी हाय तवर ऱ्हाऊ दे तिला बरं वाटत. मी गेल्यावर तुम्ही सांगा. न्हायतर जन्मभर म्हणंल, पोरगं कापून मारलं. आपल्या थिएटरचं नाव जातंय फुकट.”

“मी कशाला? भाऊ सांगतील.”

“धाकट्याचं ती ऐकत न्हाय. तुम्ही कॅमेऱ्यावर हुता. तुम्ही बघितलंय.”

मी बरं म्हटलं.

केमोथेरपी सुरू झाली. मधल्या चांगल्या आठवड्यांत ते कामावर यायचे. कॅमेरा धरत नसत. कोपऱ्यात स्टुलावर बसून गॉजच्या घड्या करायचे आणि पडद्याकडे बघायचे. मला वाटायचं, आता ‘सांडतंय’ म्हणतील. कधी कधी म्हणायचे, “कोपर.” मी कोपर आत घ्यायची. एकदा ट्रे बाहेर न्यायची वेळ आली. मामा सवयीने उठले, दारापर्यंत गेले आणि तिथे ट्रे असिस्टंट डॉक्टरांच्या हातात दिला. “हात हलतोय,” म्हणाले. एवढंच. परत येऊन गॉज घेऊन बसले.

पावसाळा संपता संपता ते यायचे थांबले. आधी घट्ट अन्न बंद झालं, मग पातळ. ते घरीच वारले. मी आणि सर्जन हुपरीला जाऊन आलो. घराच्या पुढच्या खोलीत पैंजणांचं काम बंद होतं, घुंगरांची परात कापडाने झाकून ठेवली होती. आई भिंतीला टेकून बसली होती, भोवती गल्लीतल्या बायका. तो दिवस सांगण्याचा नव्हता. मी तसं मनात ठरवलं आणि परत आले.

दहाव्यानंतर आईचा फोन आला. नातीने लावून दिला असावा.

“बाई, राख घेऊन वाडीला जाऊन आलो. संगमात सोडलं समदं.”

“बरं झालं, आई.”

“समदं कुठं? पुण्याचं ऱ्हायलंय की. ते आलं का वो?”

मी कान बदलून फोन धरला. मामांना वाटलं होतं तसं ती कापून मारलं म्हणत नव्हती. थिएटरला, सर्जनना, कुणालाच बोल लावत नव्हती. तिला फक्त लेकाचं राहिलेलं हवं होतं, वाडीला नेऊन बाकीच्याबरोबर सोडायला.

“चौकशी करते,” मी म्हटलं.

चौकशी केली. लॅबमध्ये तुकडा मेणात बसवून ठेवतात, घरच्यांनी लिहून दिलं तर परत देतात. भावाकडून सही आणली. तो दारात म्हणाला, “तुम्हीच सांगा की सिस्टर. मी सांगितलं तर म्हणंल, तू गप, तुला काय कळतंय.” कुरिअरने छोटी प्लॅस्टिकची डबी आली. आत पांढऱ्या मेणाची वडी, काड्यापेटीपेक्षा लहान. उजेडात धरली की मेणात एक ठिपका दिसतो. नीट बघावं लागतं.

आईच्या डोक्यात ट्रे आहे. हिरव्या कापडाखाली तळहाताएवढं काहीतरी. तिच्या हातात ही वडी दिली की ती विचारणार, एवढंच? मग बाकीचं सांगायचं. वाक्यं मी लिहून काढली आहेत. पाच वाक्यांत होतं. मोठ्याने वाचून बघितलं, बरोबर आहे.

आता कॅमेऱ्यावर कायमची मीच असते. ट्रे बाहेर जात नाही. असिस्टंट डॉक्टर मोबाईलवर फोटो काढतात आणि दारात उभं राहून दाखवतात. लोक फोटो बघतात, मोठा करून बघतात, मान हलवतात. कुणी काही विचारत नाही. वेळ वाचतो. वेळापत्रकातली ट्रेची जागा मी काढून टाकली.

आईचा फोन दर आठवड्याला येतो. बोलणं लांबवत नाही. “आलं का वो बाई?” मी म्हणते, बघते. ती म्हणते, “बघा की. घाई न्हाय. मी हाय.” आणि ठेवते.

डबी थिएटरच्या कपाटात, वरच्या खणात, कॅमेऱ्याच्या जादा वायरीशेजारी ठेवली आहे. हुपरीची बस स्टँडवरून दर अर्ध्या तासाला सुटते. काल रविवार होता, मला सुट्टी होती. आज सकाळी यादी केली : गॅसचा सिलिंडर बदलून घेणे. स्टेपलरची ऑर्डर. नव्या सिस्टरची रजा. हुपरी.

पहिली तीन झाली.